चौथी मात्रा

आल्गोट हेडमन उभी हयात आमच्या भागातल्या रस्त्यांवरचा बर्फ काढत होता. यंत्राचा फाळ वळवून बर्फाचा ढीग कोणाच्या फाटकासमोर टाकायचा आणि कोणाच्या नाही, हे तो त्या घरच्या कॉफीवरून ठरवायचा. माझ्या फाटकासमोर दर हिवाळ्यात डोंगर उभा असे. यावरून माझ्या कॉफीची कल्पना यावी.

माणूस मोठा सज्जन, पण बोलण्यात कंजूष. बायकोला मागणी त्याने एका शब्दात घातली होती आणि तिनेही एकाच शब्दात होकार दिला होता, असं गावात सांगतात. ती गेली त्या वर्षी तो भर उन्हाळ्यात रोज गॅरेजमध्ये जाऊन यंत्राच्या केबिनमध्ये बसून राहायचा. आम्ही कोणी काही विचारलं नाही. आमच्या हेल्सिंगलँड प्रांतात दुःख विचारायची पद्धत नाही. दारात बटाट्यांची पिशवी ठेवून निघून यायचं असतं. त्या वर्षी आल्गोटकडे इतके बटाटे झाले की शेवटी त्याने ते आम्हालाच परत वाटले.

आणि त्याचं व्हायोलिन. वडील ओल्ले हेडमन यांच्यासारखा वादक आमच्या बाजूला झाला नाही. त्यांच्या छातीवर वादनासाठी मिळालेला चांदीचा बिल्ला होता आणि त्यांची म्हणून एक पोल्स्का, म्हणजे नाचाची चाल होती, जिच्या तीन मात्रांवर आमच्या तीन पिढ्या नाचल्या, लग्नं जमली, काही मोडलीसुद्धा. आमच्याकडे वाजवण्याआधी सांगावं लागतं, ही चाल कोणाची, कोणाकडून आली. ते न सांगता वाजवायला लागलेल्या माणसाकडे लोक असे बघतात, जणू तो बूट न काढता घरात शिरला आहे. त्यामुळे आल्गोट बाकी काही बोलला नाही तरी एवढं नेहमी म्हणायचा, "पोल्स्का. ओल्ले हेडमन यांची."

त्या उन्हाळ्यात ओल्लेंच्या जन्माला शंभर वर्षं होत होती. शेजारच्या दालार्ना प्रांताच्या सीमेवर ल्योव्होसेन गावी जुलैत वादकांचा मेळा भरतो. ओल्ले मूळचे तिथल्याच वाडीवरचे. या वर्षीचा मेळा त्यांच्या नावाने होता आणि मेळ्याच्या घराच्या पायऱ्यांवर उभं राहून त्यांची पोल्स्का वाजवायचा मान आल्गोटकडे आला. गाडी माझी. मागच्या सीटवर दोन व्हायोलिनं, दालचिनीच्या पावांचा डबा आणि एदला.

एदला योन्सडॉटर आमच्याच गावची, ऐंशीच्या पुढची. मेळ्याला ती दर वर्षी यायची, पण स्वयंपाकघरात, कॉफी ओतायला. या वर्षी गुडघ्यांनी राजीनामा दिला म्हणून आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीवर बसून ऐकायला निघाली होती.

"उल्फ," ती मागून म्हणाली, "तू गाडी चालवतोस की ढकलतोस?"

"एदला, इथे वेगाची मर्यादा आहे."

"मर्यादेच्या आत राहायला माझ्याकडे वर्षं उरली नाहीत."

पेट्रोल पंपावर थांबलो. एदला मागे डुलक्या घेत होती. आल्गोट लोकरीचं जाकीट, गुडघ्यापर्यंतची विजार आणि लाल गोंड्यांचे मोजे अशा मेळ्याच्या पारंपरिक थाटात भर उन्हात सॉसेज खात उभा होता.

"उल्फ."

"बोल."

मग सॉसेज संपेपर्यंत तो काही बोलला नाही. आमच्याकडे याला गप्पा मारणं म्हणतात.

"ती चाल बाबांची नाही."

"कोणती?"

"तीच."

मी कॉफीचा कप गाडीच्या टपावर ठेवला. "मग कोणाची?"

त्याने हनुवटीने गाडीकडे खूण केली. मागच्या काचेला गाल टेकवून एदला झोपली होती.

मग तुकड्यातुकड्यांनी बाहेर आलं. पूर्वी उन्हाळ्यात गायी वर जंगलातल्या कुरणावर नेत. तिथे एदला हेडमनांकडे कामाला होती आणि कोवळा आल्गोट गायी वळायला. बाईच्या हातात व्हायोलिन शोभत नाही असं तेव्हा मानत, त्यामुळे ती चाल नुसती तोंडाने म्हणायची. ओल्ले मीठ आणि पीठ घेऊन वर येत, उंबऱ्यावर बसून ऐकत. पुढच्या हिवाळ्यात गावच्या नाचात ती चाल त्यांच्या व्हायोलिनवर होती.

"थोडी बदलून," आल्गोट म्हणाला. "एका जागी कापून."

"ती कधी काही बोलली?"

"नाही."

"तू कधी विचारलंस?"

"काय विचारणार?"

"मग सांगून टाक आज. ती समोर बसलेली असेल."

"बिर्येरने तिथे दगड बसवलाय. त्यावर बाबांचं नाव आहे आणि चालीचंही."

"दगडावर कोरलंय?"

"ग्रॅनाइट," तो खिन्नपणे म्हणाला. बिर्येर म्हणजे त्याचा चुलतभाऊ, वादक मंडळाचा प्रमुख. ओल्लेकाका म्हणजे त्याचा देव.

"तरी सांग."

"तुझे वडील काय करायचे, उल्फ?"

"लाकडं तोडायचे."

"मग तुला सोपं आहे." त्याने हात पुसले. "पुढच्या वर्षी ती असेल की नाही, माहीत नाही. आज नाही तर मग नाहीच."

गाडी सुरू झाली तशी एदला जागी झाली. बऱ्याच वेळाने आल्गोटने घसा साफ केला.

"एदला, वरचं कुरण आठवतं?"

"डास आठवतात."

"आणखी?"

"तू आठवतोस. कायम भुकेला. पाव घे, पोरा."

सत्तरी ओलांडलेल्या पोराने पाव घेतला आणि पुढचा सगळा रस्ता तो खिडकीबाहेर बघत राहिला.

ल्योव्होसेनला गाड्या लावायच्या शेतातच वाजवणं सुरू होतं. बर्चच्या झाडांखाली, गोठ्याच्या भिंतीला टेकून, जिथे सावली तिथे दोन-चार जण डोक्याला डोकं लावून वाजवत होते आणि मधल्या वेळात डास मारत होते. आम्ही एदलाला पायऱ्यांसमोर पहिल्या रांगेत बसवलं. तिने पर्स मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी धरली.

बिर्येरचं भाषण आमच्या मानाने फारच भावनाविवश झालं. म्हणजे बोलताना एकदा त्याने डोळे मिटले. मग आल्गोट पायऱ्यांवर आला. त्याने एदलाकडे बघितलं, दगडाकडे बघितलं, मग बुटांकडे.

"पोल्स्का," तो म्हणाला. "ओल्ले हेडमन यांची."

म्हणजे सांगणार नव्हता तर.

प्रथेप्रमाणे सगळ्यांनी व्हायोलिनं उचलली. पहिली फेरी झकास झाली. एवढी माणसं एका तालात डुलत होती. दुसऱ्या फेरीत, चालीच्या मध्यावर, आल्गोट थांबला. तीन मात्रा झाल्या आणि चौथीवर त्याचा गज हवेतच राहिला. बाकीचे जोरात पुढे गेले, आपण पुढे आलो हे त्यांना कळलं, काही थबकले, काही मागे आले. घसरड्या रस्त्यावर पुढचं यंत्र अचानक थांबलं की मागच्या गाड्या जशा एकमेकींवर जातात, तशी सगळी व्हायोलिनं एकमेकांवर आदळली आणि करकरत बंद पडली.

"आल्गोट, चुकलास," बिर्येर हळूच म्हणाला.

"नाही." आल्गोटने व्हायोलिन खाली घेतलं. "तिथे थांबायचं असतं. बाबांनी ते कापलं. चाल बाबांची नाही. एदला योन्सडॉटरची आहे. वरच्या कुरणावर तिच्याकडून त्यांनी घेतली. मी तिथे होतो. ती इथे बसलीय."

इतकी वाक्यं एका दमात बोलताना त्याला मी कधीच ऐकलं नव्हतं. आम्ही गप्प बसण्यात तरबेज माणसं, पण त्या शांततेत मलासुद्धा नजर कुठे ठेवावी ते कळेना.

"ते तुझे वडील होते," बिर्येर म्हणाला.

"हो."

"आजचा दिवस त्यांचा होता."

"हो."

बिर्येरने गजाचा स्क्रू सैल केला, व्हायोलिन पेटीत ठेवलं, पेटीच्या दोन्ही कड्या नीट लावल्या आणि तो गाड्यांच्या दिशेने चालू लागला. त्याच्या मागे आणखी काही गेले. आल्गोट त्यांच्या पाठी दिसेनाशा होईपर्यंत बघत उभा राहिला. त्याचा चेहरा पार उतरला होता. हाक मात्र त्याने मारली नाही.

उरलेल्यांपैकी एका दालार्नाच्या माणसाने विचारलं, "किती थांबायचं?"

आल्गोटने एदलाकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं. ती पर्स आणखी घट्ट धरून लालबुंद झाली होती.

"गाय उत्तर देईपर्यंत," ती म्हणाली.

कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

"पुढची गाय," एदला खाली बघत म्हणाली. "तिच्या गळ्यात घंटा असायची. मी म्हणत यायची, तिथे थांबायची. घंटा वाजली की कळायचं त्या कुठे आहेत, मग पुढचं म्हणायची. धुकं असलं की जास्त थांबावं लागे."

"म्हणून दाखव," आल्गोट म्हणाला.

"आता कुठला आवाज."

"आहे तेवढा."

तिने म्हटलं. आवाज बारीक होता, मध्ये मध्ये चिरत होता. चालीच्या मध्यावर ती थांबली. आणि काय सांगू, ती सगळी घामेजलेली, गोंडेवाली मंडळी मान वळवून जंगलाकडे कान देऊन उभी राहिली. मीही. मग ती पुढचं म्हणू लागली आणि आल्गोटने तिच्या मागोमाग गज टेकवला.

परतताना संध्याकाळचं ऊन लांबच लांब पडलं होतं. बिर्येर निरोप न घेताच गेला होता. आल्गोटने पार्किंगमध्ये त्याला शोधलं, तेव्हा त्याच्या गाडीची जागा रिकामी होती. मला एरवी कुठल्याही प्रसंगावर विनोद सुचतो. त्या दिवशी नाही सुचला.

"बाबा काय म्हणाले असते?" आल्गोटने काचेकडे बघत विचारलं. प्रश्न मला नव्हता बहुधा.

"म्हणाला होता की," एदला मागून म्हणाली. आम्हाला वाटलं होतं ती झोपली आहे. "माझ्या दारात आला होता तुझा बाप. म्हणाला, एदला, तिथे नाचणाऱ्यांचे पाय अडकतात, ती मात्रा काढू का? मी म्हटलं, काढ. गायी विकल्याच होत्या तोवर."

आल्गोट सीटवरून मागे वळला. "आणि नावाचं?"

"नावाचं काही बोलला नाही."

मी वेग थोडा कमी केला.

"मला वाटायचं, विचारेल," एदला म्हणाली. "बरीच वर्षं वाटायचं."

मग तिने मला काच वर करायला सांगितली. वारं लागत होतं.