माईकचं बटण

आमचे मामा सभांना माईक लावतात. परवा एका सेवाभावी संस्थेची सभा होती. सेक्रेटरीने बजावलं, "आम्हाला राजकारण करता येत नाही. भाषणात उमेदवाराचं नाव आलं की आवाज बंद करा, नाहीतर आमची करमाफी जाईल."

मामांनी इमानेइतबारे बटण दाबलं. पण माईक गप्प झाला की अख्खं सभागृह तेच नाव ओरडायचं. साधी वायर घेतली तरी कर भरणारे मामा पार चक्रावले. सेक्रेटरी मात्र खूश. "संस्थेने नाव घेतलंच नाही," म्हणाला.

घरी मामीने विचारलं, "अहो, मत कुणाला द्यायला सांगत होते?"

मामांनी चटकन नाव सांगितलं. मग डोकं खाजवत म्हणाले, "पण ते तर मी बंद केलं होतं."