वहिनींची कटकट

"आधी तोंड नीट करा, मग जोडायचं बघा," असं वहिनी येताजाता म्हणायच्या. म्हणायच्या नळीबद्दल, पण समोरचा माणूस उगाच ओठ पुसायचा.

दोन नळ्या वेल्डिंगने जोडायच्या तर आधी त्यांची टोकं सरळ कापावी लागतात, कडा उतरत्या कराव्या लागतात, गंज काढून लख्ख कराव्या लागतात. या टोकालाच तोंड म्हणतात. वहिनींचा जन्म ही तोंडं करण्यात गेला. पुढचं वेल्डिंग त्यांचा धाकटा दीर करायचा, म्हणून सगळं वर्कशॉपच त्यांना वहिनी म्हणे.

कडा घासायचा थरथरता ग्राइंडर धरून धरून त्यांच्या उजव्या हाताची बोटं बधिर होऊ लागली. एकदा हातातून चहाचा कप निसटला आणि नेमका मुकादमाने पाहिला.

"वहिनी, आता स्टोअरला बसा. किल्ली सांभाळा, सावलीत राहा."

"सावलीत रोपं ठेवतात, झाडं नाही," वहिनी म्हणाल्या. "दूध कारखान्याचा बॉयलर आलाय ना, त्याची तोंडं मीच करणार. पाण्याच्या दाबाला माझं एक जरी तोंड पाझरलं, तर द्या किल्ली."

मुकादमाने मान डोलावली. शब्द दिला तो दिला.

बॉयलरमध्ये नळ्या दातांसारख्या दाटीने उभ्या होत्या. वहिनींनी फडकं अंथरून त्यावर हत्यारं मांडली आणि कितीतरी वेळ नुसत्या बघत बसल्या. ग्राइंडर हाताला नको. शिवाय तो कड एका बाजूला जास्त खातो. कानस भरवशाची, पण त्या चालीने बॉयलर नातवंडांच्या हाती लागायचा. उरलं हाताने फिरवायचं यंत्र. त्याचा दांडा नळीत घालून आवळला की पातं बरोबर मधोमध राहतं, कड चहूबाजूंनी सारखी सोलतं. पण मूठ पुरती फिरेना, शेजारची नळी आडवी येई.

दीर हसला. "नाचता येईना, अंगण वाकडं!"

"वाकडं नाही, अरुंद आहे," म्हणत वहिनी उठल्या. भंगाराच्या पेटीतून रॅचेटची मूठ शोधून आणली, घासूनपुसून यंत्राला बसवली. ही मूठ पुरती फिरवावी लागत नाही. थोडी पुढे, थोडी मागे, कट कट कट, आणि पातं मात्र पुढेच सरकतं.

"वहिनी, घरी आहे तेवढी कटकट पुरे नाही का?"

"घरची थांबते, भाऊजी. ही काम झाल्याशिवाय थांबायची नाही."

पहिल्याच नळीवर पातं जास्त दाबलं गेलं. कडेचा टवका उडाला. वहिनींनी ते टोक पुन्हा कापलं, पातं केसभर मागे घेतलं आणि मूठ डाव्या हातात धरली. उजवा नुसता टेकवला. मग धातूची साल लांब, सलग, वेटोळं घेत खाली पडू लागली.

जोड झाले. बॉयलरमध्ये पाणी भरून पंपाने दाब चढवला. सगळे जोड कोरडे, एकाला मात्र घाम फुटला.

मुकादमाचा हात खिशातल्या किल्लीकडे गेला. वहिनींनी बोटाने थेंब टिपला. चेहरा उतरला, पण मान खाली गेली नाही.

"ते तोंड माझं आहे," दीर मागून म्हणाला. "तुम्ही जेवायला गेलात, तेवढ्यात मी ग्राइंडरने उरकलं."

"म्हणजे तुमचंच तोंड नीट नाही म्हणा की!" मुकादम खो खो हसला.

वहिनी हसल्या नाहीत. "पाणी उतरवा, भाऊजी. तो जोड कापा."

पुन्हा कट कट सुरू झाली. पुन्हा वेल्डिंग, पुन्हा दाब. या खेपेला जोडावर हात फिरवला, तो कोरडाच निघाला. मुकादमाने किल्ली खिळ्याला परत अडकवली.

वहिनींनी यंत्र तेलकट फडक्यात गुंडाळलं, डाव्या काखेत मारलं आणि फाटकाकडे चालू लागल्या. उजव्या हाताची बोटं मिटत उघडत होती. दीर दारात उभा राहून बघत होता, हातातल्या ग्राइंडरची वायर पायाशी लोळत होती.