दहाचा एक झाला तेव्हा

पौडच्या बाजारपेठेत माझं शेअरचं छोटं ऑफिस आहे. धंदा बेताचाच, पण किस्से गोळा करायला बाहेर कुठं जावं लागत नाही. गिऱ्हाईक खुर्चीत टेकतं, चहा येतो आणि तो संपायच्या आत एक किस्सा तयार! सगळ्यात जास्त किस्से मात्र एकाच महिन्यात जमले.

आमच्याकडच्या बऱ्याच लोकांनी पंप बनवणाऱ्या एका कंपनीचे शेअर घेतले होते. भाव दोन रुपये, वर्षानुवर्षं दोनच. एक दिवस कंपनीनं जाहीर केलं, दहा शेअर मिळून एक शेअर करणार. रिव्हर्स स्प्लिट! मी सगळ्यांना मेसेज पाठवला. तो इंग्रजीत होता, म्हणून कुणाला कळला नाही. मग मराठीत पाठवला. तोही कळला नाही!

* * *

पहिले आले शेजारच्या चांदे गावचे शंकरअण्णा. जमीन विकून त्यांनी आयटीतल्या पोरांसाठी भाड्याच्या खोल्या बांधल्यात. उरलेले थोडे पैसे या पंपात. जुने शेअर खात्यातून निघून नवे जमा व्हायला काही दिवस जातात. नेमक्या त्याच दिवसांत अण्णांनी मोबाईलवर खातं पाहिलं.

"माजं शेअर कुटं हायेत?"

"येतील अण्णा. बदलून यायला कंपनीकडं गेलेत."

"मला न इचारता?"

मी सगळं समजावलं. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पिशवीतून जेवणाचा डबा काढला. "येऊ द्या. मी हितंच बसतो."

शेअर येईपर्यंत अण्णा रोज जेवायला माझ्या टेबलावर!

* * *

शेअर आले. दहा हजारांचे एक हजार.

"नऊ हजार कुटं ऱ्हायलं?"

मी दहा-दहाच्या दहा नोटा टेबलावर मांडल्या. त्या उचलून तिथं शंभराची एक ठेवली. "झालं काही कमी?"

अण्णांनी नोट उलटीपालटी करून पाहिली. "न्हाई. पर मग ह्यो उद्योग केला कशाला?"

"दोन रुपयांच्या शेअरकडं मोठी माणसं बघत नाहीत. वीसचा दिसला की बघतात."

"पंप त्योच?"

"तोच."

"नुसता रंग मारला?"

अण्णा शंभराची नोट खिशात घालून निघून गेले!

* * *

हार्डवेअरवाले सलीमभाई मेसेज वाचतच नाहीत. सकाळी त्यांनी नुसता भाव पाहिला. कालपर्यंत दोन, आज वीस! त्यांनी अख्ख्या बाजारात जिलबी वाटली. मला तर स्वतःच्या हातानं भरवली. "दहापट, भाऊ! एका रात्रीत!"

जिलबी गिळून मी म्हणालो, "सलीमभाई, शेअर किती दिसतायत?"

"दोनशे."

"आधी किती होते?"

"दोन हजार." सलीमभाई मोबाईलकडं बघत राहिले. मग हातातल्या खोक्याकडं. "मग ही जिलबी कशाची?"

दोन दिवसांत भाव वीसचा सतरा झाला. सलीमभाई पुन्हा आले. "हेही तसंच ना? नुसतं दिसायला?"

"नाही. हे मात्र खरं."

* * *

अण्णांचा जावई हिंजवडीला नोकरीला. रविवारी तो जेवायला येणार म्हणून अण्णांनी मलाही बोलावलं. पोरगा हुशार. जेवता जेवता म्हणाला, "मामा, समजा तुमच्या दहा खोल्यांच्या मधल्या भिंती काढल्या. एकच मोठा हॉल झाला. जागा तेवढीच राहिली ना?"

"जागा तेवढीच. पर भाडेकरू धा हुते, आता एकच. त्यो पळाला तर?"

जावई माझ्याकडं बघायला लागला. मी आमटीत बघायला लागलो.

निघताना त्यानं मला बाजूला घेतलं. "सर, माझ्याकडंपण आहेत हे शेअर. विकू का?"

* * *

आणि मुठा गावच्या हौसाकाकू. त्यांच्या शेतावर याच कंपनीचा पंप, म्हणून कौतुकानं शेअर घेतलेले. सात. सातच! पण दरवर्षी कंपनीची शेअरवाल्यांसाठीची मोबाईलवरची सभा काकू चुकवत नसत.

आता दहाचा एक होणार म्हटल्यावर सातांचा एकही होईना. कंपनीनं त्यांच्या बँकेत थोडे रुपये टाकले आणि विषय मिटवला.

"म्हंजी मी आता मालकीण न्हाई?"

"नाही काकू. हवं तर एक शेअर नव्यानं घेऊ. सतरा रुपयांचा तर आहे."

"माजंच काढून घ्यायचं आन मलाच इकायचं? पैशाचं न्हाई रं. तितं माजं नाव हुतं."

सभेत शेअरवाल्यांनाच बोलता येतं आणि माझ्याकडं त्या कंपनीचे थोडे शेअर होते. त्या वर्षीच्या सभेत बोलायला मी माझं नाव देऊन टाकलं.

सभेच्या दिवशी काकू ठेवणीतलं लुगडं नेसून ऑफिसात हजर. माझं नाव पुकारल्यावर मी खुर्ची सोडली आणि माईक त्यांच्यापुढं सरकवला.

काकू उभ्या राहिल्या. कॉम्प्युटरला नमस्कार केला आणि ठणकावून म्हणाल्या, "तुमचं पैसं परत घ्या, आन माजं सात शेअर मला द्या!"

पडद्यावरचे साहेब एकमेकांकडं बघायला लागले. मग त्यांतला एक म्हणाला, "मॅडम, कॅन यू प्लीज रिपीट द क्वेश्चन?"

काकू हळूच माझ्या कानाशी वाकल्या.

"हो म्हनला का रं?"