मॅट सरकत नसते

आमच्या घरात जुनं काढून नवं घालायची पद्धत नाही. जुन्यावरच नवं घालतात. जेवणाच्या टेबलावर मेणकापड होतं, ते विटलं तेव्हा त्याच्यावर दुसरं मेणकापड आलं आणि पाहुणे येणार म्हणून त्याच्यावर कापडी टेबलक्लॉथ. गाद्यांचंही तेच. आईचा पलंग आता इतका उंच झालाय की चढायला तिला पाट लागतो. ‘खालचं चांगलं आहे, मग टाकायचं कशाला?’ या प्रश्नावर आमच्याकडे सगळे वाद संपतात. त्यामुळे वडिलांच्या गाडीसाठी मी नव्या मॅट आणल्या, तेव्हा आधीच्या काढाव्यात असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

वडील सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या धरणांचे आणि पुलांचे नकाशे काढले. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक लहानशी पांढरी गाडी घेतली आणि तिच्यावर आपलं सगळं ड्राफ्ट्समनपण काढलं. टायरमधली हवा, काचेचं पाणी, आरशाचा कोन, सगळं ठरलेलं. त्या गाडीत पायाखालच्या मॅट अडकवायला हुक नव्हते. रबरी मॅट आठवडाभरात पुढे सरकायची आणि पेडलपाशी जाऊन गोळा व्हायची. वडिलांनी त्याच्यावर उपाय काढला तो सुतळीचा. मॅटच्या मागच्या कडेला दाभणाने दोन भोकं पाडली, ती फाटू नयेत म्हणून तापवलेल्या सुईने त्यांच्या कडा भाजून घेतल्या, सुतळी ओवली आणि सीटखालच्या लोखंडी पट्टीला गाठ मारली. शेजारच्या सीटची मॅटही तशीच बांधली. तिकडे पेडल नाही, तिकडे कशाला, असं मी विचारलं होतं.

“शिस्त म्हणून,” ते म्हणाले.

दरवर्षी दसऱ्याला सुतळी बदलायची. कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत चाळीसेक गाड्या आहेत, पण बैल बांधावा तशी मॅट बांधलेली गाडी आमचीच. मला त्याची लाज वाटायची, हे आता सांगून टाकलेलं बरं.

नव्या मॅट आणल्या त्या वर्षी वडील सत्त्याहत्तर वर्षांचे होते. दसऱ्याची गाडी मी धुतो म्हटलं. मी हिंजवडीला नोकरी करतो, कंपनीच्या बसने जातो-येतो, त्यामुळे ती गाडी मी क्वचितच चालवायचो. पण नव्या मॅट मी हौसेने मागवल्या होत्या. जाडजूड, काळ्या, राखाडी काठाच्या. सुतळी काळीकुट्ट झाली होती. झेंडूचा हार घातलेल्या गाडीच्या फोटोत ती कशी दिसेल, म्हणून मी कात्रीने कापून टाकली. फोटोत बोनेट येतं, मॅट येत नाहीत, एवढं मला तेव्हा सुचलं नाही. जुन्या मॅट चांगल्या होत्या. त्या तशाच ठेवल्या आणि त्यांच्यावर नव्या अंथरल्या.

वडील खाली आले. वाकून त्यांनी मॅटवरून हात फिरवला.

“छान आहेत. जड आहेत,” ते म्हणाले. मग सीटखाली बघून, “सुतळी?”

“आता नाही लागायची. एवढ्या जड मॅट कुठे जातायत!”

“बरं,” वडील म्हणाले, आणि चाकांखाली लिंबं ठेवायला गेले.

दिवाळीच्या थोडं आधी आईच्या गुडघ्याच्या व्यायामाहून दोघं परत येत होते. आमच्या गेटमधून आत आलं की पार्किंगकडे उतार आहे. उतारावर वडिलांनी ब्रेक दाबला, तो अर्ध्यावर अडला. गाडी सेक्रेटरींच्या तीन कुंड्या घेऊन भिंतीवर गेली. डावा दिवा फुटला. आईला काही झालं नाही, वडिलांना काही झालं नाही. वाटेत कोणी उभं नव्हतं, हे नशीब.

मला फोन आला तेव्हा चार वाजले होते. हिंजवडीहून घरी पोचेपर्यंत साडेसहा. तोवर वॉचमनने गाडी मागे घेऊन जागेवर लावली होती. मॅट, कोणी आणि कधी सरळ केली कोण जाणे, अगदी व्यवस्थित होती. मी बसून ब्रेक दाबला. उत्तम लागला. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याने तपासलं आणि तो म्हणाला, “ब्रेक एकदम ओके आहेत. काकांचं वय झालंय, साहेब.”

वडील एकच वाक्य सांगत होते. आवाज न चढवता, जेवताना, चहा पिताना. “मॅट सरकली. पेडलखाली आली.”

तिसऱ्या दिवशी रात्री जेवताना मी त्यांना म्हटलं, “बाबा, मॅट सरकत नसते. पाय सरकतो.”

वाक्य मला आवडलं होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कँटीनमध्ये मी ते चौघांना ऐकवलं. चौघंही हसले. प्रत्येकाच्या घरी एकेक म्हातारा आणि एकेक गाडी होतीच. आदल्या रात्री वडील हसले नव्हते. त्यांनी पानातली कोशिंबीर संपवली, उठून हात धुतले आणि गाडीची किल्ली आणून माझ्यासमोर ठेवली. मी मागितली नव्हती. मागणारच होतो, त्यांनी माझे कष्ट वाचवले.

सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली: ‘वाहन चालवताना ते आपल्या ताब्यात असल्याची सभासदांनी कृपया खात्री करावी.’ नाव नव्हतं. नाव लिहायची गरज नसते. पुढचे कित्येक महिने कोणी ती काढली नाही आणि वडील रोज तिच्यावरून जायचे. सकाळी नऊ वाजता फडकं घेऊन खाली जायचं, गाडी पुसायची, मग ड्रायव्हरच्या सीटवर दार उघडं ठेवून पेपर वाचायचा. सुट्टीच्या दिवशी मी गॅलरीतून बघायचो. एक पाय बाहेर, एक पाय आत. आईला आता रिक्षा लागायची. वडील तिच्याबरोबर रिक्षात मागे बसून जायचे आणि रिक्षावाला कुठे चुकतोय ते आईला हळू आवाजात सांगायचे.

एकदाच ते मला म्हणाले, “तू स्वतः एकदा चालवून बघ. सरळ रस्त्यावर नको. उतारावर.”

“बघतो,” मी म्हटलं.

बघितलं नाही. वेळ नव्हता असं नाही. मला निकाल माहीत होता, मग परीक्षा कशाला घ्यायची? ते पुन्हा काही बोलले नाहीत आणि प्रश्न मिटला याचं मला बरंच वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात न्यूमोनिया होऊन वडील चार दिवसांत गेले. मला रडू आलं नाही. येईल म्हणून मी वाट पाहिली, आलं नाही. दाखले गोळा केले, प्रती काढल्या, बँकेत गेलो, सही जुळत नाही म्हणून परत गेलो. लोक भेटायला यायचे, खांद्यावर हात ठेवायचे. मी त्यांना चहा विचारायचो. आत कुठेतरी भूल दिल्यासारखं झालं होतं. दाढ काढल्यावर गाल आपला असतो पण लागत नाही, तसं. बायको म्हणाली, साठलेलं बाहेर पडेल हळूहळू. मी हो म्हटलं.

गाडी माझ्या नावावर झाली आणि आईला रिक्षात चढणं अवघड जायला लागलं, म्हणून एका रविवारी मी गाडी काढली. आईला नेण्याआधी एकट्याने एक फेरी मारावी, एवढाच विचार. कर्वेनगरच्या पुलावर चढलो. खाली उतरताना पुढचा सिग्नल लाल झाला. मी ब्रेक दाबला. पेडल अर्ध्यावर जाऊन थांबलं. पायाखाली काहीतरी जाड, मऊ होतं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. पुढे एक बाई स्कूटरवर थांबल्या होत्या, पायाशी भाजीची पिशवी. मी हँडब्रेक ओढला. गाडी हिसका देऊन थांबली. बाईंच्या नंबरप्लेटमध्ये आणि माझ्यात हातभर अंतर राहिलं. त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मी खाली पाहिलं. मॅट पुढे गेली होती. पुढची कड दुमडून ब्रेकच्या पेडलखाली व्यवस्थित जाऊन बसली होती.

सिग्नल सुटला. मागून आवाज आला, “काका, निघताय की इथेच मुक्काम?”

पायाने मॅट मागे ओढून मी निघालो आणि पुढे एका बंद दुकानासमोर गाडी उभी केली. तेव्हाही मला काही वाटलं नाही. मनात एवढंच आलं की ते उतारावर म्हणाले होते. सरळ रस्त्यावर नको, असं मुद्दाम म्हणाले होते.

पुढच्या शनिवारी नाना पेठेत गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गेलो. तोवरच्या पाच-सहा दिवसांत मी दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावून पाहिली होती, ती दोन दिवसांत धुळीने सुटली. मग व्हेल्क्रोच्या पट्ट्या लावल्या. त्या वरच्या मॅटला घट्ट धरून बसल्या आणि खालच्या मॅटसकट सगळंच पुढे गेलं. दुकानदाराने गाडीत डोकं घातलं, दोन बोटांनी वरची मॅट उचलली, खाली दुसरी पाहिली आणि माझ्याकडे बघितलं.

“एकावर एक दोन मॅट घालायच्या नसतात, साहेब. सरकणारच. खालची धरते जमीन, वरची धरणार कोणाला?” मग मॅट खाली सोडत म्हणाला, “शिकलेली माणसंच हे करतात.”

मी खालची मॅट बाहेर काढली. मागच्या कडेला भाजलेल्या कडांची दोन भोकं होती. एका भोकात बोटाच्या पेराएवढा सुतळीचा तुकडा अडकून राहिला होता, माझ्या कात्रीतून सुटलेला. दुकानदार म्हणाला, “हे कोणी केलं होतं? पक्कं काम आहे.” मी म्हटलं, वडिलांनी. “मग सोडलं कशाला?” त्याने विचारलं. मी मॅट गुंडाळून डिकीत ठेवली.

आईला सांगायचं की नाही, हे ठरवायला मला तो सबंध दिवस लागला. अपघातानंतर कोणी विचारलं की ती सांगायची, “ह्यांचे पाय आता साथ देत नव्हते हो.” हे मीच तिला सांगितलेलं होतं. वडील तिच्या शेजारी बसलेले असतानाही ती हे सांगायची, आणि ते ऐकून घ्यायचे. आता ते गेल्यावरही ती तेच सांगत होती. मी बोललो नसतो तर ते कायम तसंच राहिलं असतं.

रविवारी सकाळी ती मेथी निवडत बसली होती. मी तिच्याकडे दाभण मागितलं.

“कशाला?”

मी खाली बसलो आणि सांगितलं. पूल, सिग्नल, मॅट, सगळं. “बाबांचा पाय नव्हता. मॅटच होती. सुतळी मी कापली होती.” माझा आवाज बातम्या वाचल्यासारखा येत होता, हे मला ऐकू येत होतं.

आईने हातातली जुडी निवडून संपवली.

“मला माहीत आहे,” ती म्हणाली.

“काय माहीत आहे?”

“दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हे खाली गेले होते, दाभण आणि सुतळी घेऊन. गेले तसे परत आले. मी विचारलं, झालं का? तर म्हणाले, एवढ्या हौसेने आणल्यात त्याने, नव्याकोऱ्या मॅटला भोक कशाला पाडू? मी टाचेने धरून ठेवीन.”

आईने दुसऱ्या जुडीचा दोरा सोडला.

“त्या दिवशीसुद्धा धरलीच होती. पण ब्रेक दाबायला टाच उचलावी लागतेच ना.”

“मग तू मला सांगितलं का नाहीस? आणि लोकांना पायांचं का सांगत बसलीस?”

“ह्यांनीच सांगितलं, तसंच म्हणत जा म्हणून. सुतळीचं कळलं तर त्याला उगाच लागेल, म्हणाले.” तिने देठं कागदात गुंडाळली. “आणि मॅट सरकली, हे तर ते तुला तीन दिवस सांगत होते. तू ऐकलंस का?”

तिने आवाज चढवला नाही. उठून शिवणाच्या डब्यातून दाभण काढून दिलं, आणि सुतळीचा गुंडाही. गुंडा नवा होता, कागदाची पट्टी अजून तशीच. तो त्याच दसऱ्याचा होता.

मी खाली गेलो. नव्या मॅट काढून कचऱ्यापाशी ठेवल्या. आमच्या घरातली, चांगली असताना टाकलेली, ती पहिली वस्तू असावी. जुनी मॅट अंथरली, भाजलेल्या भोकांतून सुतळी ओवली आणि पट्टीला गाठ मारली. वडील कोणती गाठ मारायचे ते मी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून साधीच दोनदा मारली. पलीकडची मॅटही बांधली. मग ड्रायव्हरच्या सीटवर बसून ब्रेक दाबून पाहिला. पेडल शेवटपर्यंत गेलं. मॅट जागची हलली नाही.

वर जायला हवं होतं. आई जेवायला थांबली असणार होती. मी तिथेच बसून राहिलो. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की मॅट बांधलेली असूनही मी उजवी टाच तिच्यावर घट्ट दाबून धरली होती, आणि ती उचलायचं मला धाडस होत नव्हतं.