घरच्यांची पंगत शेवटी

प्रेमलता निंबाळकर कोण, असं मल्हारगंजात कुठल्याही दुकानात विचारा. दुकानदार आधी तुम्हाला बसायला सांगेल आणि मग बाईंनी त्याला वर्गाचा मॉनिटर कसं केलं ते ऐकवेल. ऐकून घ्यावंच लागतं. मी ती गोष्ट इतक्या तोंडून ऐकली आहे की हल्ली साडी घ्यायलासुद्धा सरळ राजवाड्याकडच्या बाजारात जाते.

मी सुमेधा. त्याच शाळेत चित्रकला शिकवायची. स्टाफरूममध्ये बाईंची खुर्ची माझ्या शेजारी होती. त्यांचा विषय गणित, पण त्यांचं खरं काम वेगळंच होतं. कुठल्या पोरात चार जणांना बरोबर घेऊन चालायची ताकद आहे, ते त्या ओळखायच्या. शनिवारी बालसभा भरली की त्या सगळ्यात मागच्या टाटपट्टीवर, म्हणजे तरटाच्या लांब पट्टीवर, जाऊन बसायच्या आणि तोंड मिटून घ्यायच्या. माइक बंद पडो, पेटी वाजवणारा न येवो, पहिलीतलं एखादं पोर भोकाड पसरो, बाई जागच्या हलायच्या नाहीत. आमच्यापैकी कुणी उठायला लागलं तर पदर धरून खाली बसवायच्या. बोलतंय कोण ते बघू नका, अडलं की पोरं कुणाच्या तोंडाकडे बघतात ते बघा, असं त्यांचं म्हणणं असायचं.

कचोरीवाल्यांचा पीयूष त्यांना असाच सापडला. बोलताना अडखळायचा, म्हणून बिचारा सभेत ब्रसुद्धा काढायचा नाही. पण नळावर भांडण झालं की पोरं त्याच्याकडे न्याय मागायला जायची. बाईंनी आधी त्याला पाण्याची रांग दिली, मग प्रार्थनेची व्यवस्था, मग वर्ग. एकदा त्याने सहलीच्या दिवशी गोंधळ घातला, तेव्हा हेडमास्तर म्हणाले की काढा याला. बाईंनी काढलं नाही. निस्तरायलाही त्यालाच लावलं. आज तो व्यापाऱ्यांच्या संघटनेचा अध्यक्ष आहे, अजून अडखळतो, आणि त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत सगळे थांबतात.

बाईंच्या सासरचं घराणं होळकर सरकारच्या चाकरीतलं. नवऱ्याचे पणजोबा घोडदळात होते म्हणे. घोडे गेले, चाकरी गेली, पण घरातले नियम काही जाईनात. त्यातला एक पंगतीचा. दसऱ्याला पाहुण्यांची पानं आधी, घरच्यांची शेवटी. पोरं भुकेने कळवळली तरी चालेल, पण घरचं माणूस आधी पाटावर बसायचं नाही. दुसरा नियम असा की स्वतःच्या मुलाचं कौतुक चारचौघांत करायचं नाही, आणि तोंडावर तर मुळीच नाही. सून होऊन आलेल्या बाईंनी हे नियम घरच्यांपेक्षा कडक पाळले. आणि पुढे, कुणी सांगितलेलं नसताना, शाळेतही आणले.

कारण त्यांची एकुलती एक मुलगी, पूर्वा, आमच्याच शाळेत होती.

पूर्वा नववीत असतानाची गोष्ट. मैदानातल्या लिंबावर आग्या मोहोळ होतं. भर प्रार्थनेत कुणाचा तरी चेंडू त्याला लागला आणि माश्या उठल्या. मोठी पोरं धावत सुटली, आम्ही मास्तर आणि बायका त्यांच्या पुढे. ती एकटी पोर उलटी फिरली. लहान मुलांना ओरडून खाली झोपवलं, त्यांच्या अंगावर टाटपट्ट्या ओढल्या, आणि विनीता नावाच्या मैत्रिणीला हाक मारून दुसरं टोक धरायला लावलं. तिची हाक ऐकून पळणारी चार पोरंसुद्धा परत आली. पूर्वाचं तोंड सुजून डोळे मिटले, पण लहानांपैकी कुणाला फारसं काही झालं नाही. बाई व्हरांड्यात उभ्या होत्या. त्यांनी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं.

त्यानंतर छात्रनायक, म्हणजे साऱ्या शाळेचा पुढारी, निवडायची वेळ आली. स्टाफरूममध्ये विचारायचं काही उरलंच नव्हतं. सगळ्यांच्या तोंडी पूर्वा. पण नाव द्यायचं काम बाईंचं, आणि त्यांनी विनीताचं नाव लिहून दिलं.

मी भांडले. माझा स्वभावच तसा आहे, पोटात राहत नाही. दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर तुम्ही हेच केलं असतं का, असं तोंडावर विचारलं. त्यांनी शांतपणे चष्मा पुसला.

"घरच्यांनी शेवटच्या पंगतीला बसायचं असतं, सुमेधा. ती घेईल समजून. माझीच आहे ना."

मी म्हटलं, निदान तिला तसं सांगा तरी. तर म्हणाल्या, सांगायचं म्हणजे कौतुकच करायचं, आणि त्याने मूल बिघडतं. भिंतीशी किती बोलणार?

दहावीतही तेच झालं. तेव्हा दुसरा एक मुलगा निवडला गेला. पूर्वाने दोन्ही वेळा सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या. मात्र त्यानंतर ती बालसभेत मागे बसू लागली. वर्गात हात वर करेनाशी झाली. खेळात कुणी टीम करायला सांगितली तर म्हणायची, तुम्ही करा, मी येते. बाई मला कौतुकाने म्हणाल्या की पूर्वा आता समंजस झाली. मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला. गल्लीतल्या प्रत्येक पोराच्या मनात काय चाललंय ते ओळखणारी ही बाई, आणि घरात एक दिवा मंद होत चालला तो हिला दिसू नये?

पूर्वा शिकली, विम्याच्या कचेरीत लागली. काम उत्तम. दोनदा वरची जागा चालून आली, दोनदा तिने शेजारच्या टेबलावरच्या माणसाला पुढे केलं. लग्न झालं, मुलगी झाली. कुठल्याही समारंभात तिला शोधायचं असेल तर स्वयंपाकघरात बघायचं, असं आमचं ठरून गेलं होतं. सगळे तिला फार चांगली म्हणतात. मला तो शब्द तिच्या बाबतीत ऐकवत नाही.

यंदा शिक्षक दिनाला बाईंच्या जुन्या विद्यार्थ्यांनी शाळेच्या हॉलमध्ये त्यांचा सत्कार केला. पीयूषने सगळा खर्च आणि सगळी धावपळ अंगावर घेतली. बाईंना शाल दिली, उंच खुर्चीवर बसवलं. एकेक जण उठून आपली गोष्ट सांगत होता, आणि बाई लहान मुलीसारख्या लाजत होत्या. मग विनीता उठली. ती आता पुण्यात मोठ्या कारखान्यात सगळ्या कामगारांवर आहे. तिने माश्यांची गोष्ट सांगितली.

"छात्रनायक मी होते," ती म्हणाली, "पण वर्षभर मी एक-एक गोष्ट पूर्वाला विचारून केली. सारी शाळा तिच्याकडेच बघत होती. बाई, ये मैं आज तक किसी को बोल नहीं पाई."

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. लोक मागे वळून पूर्वाला शोधू लागले. ती नव्हती. आत श्रीखंडाच्या वाट्या भरत होती. बाईंचा चेहरा मी समोरून बघत होते. तो कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. त्यानंतरची भाषणं त्यांनी ऐकली असतील असं वाटत नाही.

मग पंगती बसल्या. पीयूषने मुद्दाम जमिनीवर बसून जेवायचा बेत केला होता, बाईंना आवडतो म्हणून. पहिल्या पंगतीत बाईंचं पान होतं, पण त्या उष्टावून उठल्या. पूर्वा वाढत राहिली. सगळ्यात शेवटी आचारी, वाढपी, शाळेचे शिपाई आणि पूर्वा असे बसले. मीही थांबले होते, तिच्या शेजारी बसले. तेवढ्यात बाई आल्या, श्रीखंडाचं पातेलं हातात घेऊन. त्यांना वाकवत नव्हतं, म्हणून समोर जमिनीवरच बसल्या आणि लेकीच्या पानात वाढलं.

"पूर्वा, तूच होतीस," त्या म्हणाल्या. "मला तेव्हाच दिसलं होतं. लोक म्हणतील स्वतःच्या मुलीला पुढे केलं, म्हणून नाव नाही घेतलं तुझं."

पूर्वाचा घास हातातच राहिला.

"तुला दिसलं होतं?"

बाईंनी मान डोलावली.

"मला तर वाटलं, माझ्यात ते नाहीच आहे," पूर्वा म्हणाली. "आई, तू तो सबको पहचान लेती थी. पीयूष भियाला ओळखलंस, विनीताला ओळखलंस. मग मी म्हटलं, आईला नाही दिसलं म्हणजे नसेलच. मी तर तेच मानून चालले गं."

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तो नव्हता. हिशोब चुकल्याचं उशिरा कळावं तशी ती नुसती पानाकडे बघत होती. बाई रडू लागल्या. आवाज न करता, पदर तोंडाशी धरून. मी पहिल्यांदाच त्यांना रडताना पाहिलं, आणि इतकी वर्षं मनात धरलेला माझा राग त्यांच्यावर धरवेना.

पूर्वाने घास खाल्ला. पानात टाकायचं नसतं, हाही त्या घरचाच नियम. मग तिने डाव्या हाताने आईचे डोळे पुसले. बाईंनी पुन्हा पातेलं पुढे ओढलं, श्रीखंडाचा डाव भरला आणि तिच्या पानावर धरला.

"आधी त्यांना वाढ आई," पूर्वा म्हणाली, आणि तिने पलीकडे बसलेल्या वाढप्यांकडे बोट दाखवलं.