कॉइलच्या दोन तारा

फुलसिंगनं शिसपेन्सिलीचं टोक प्लग आणि वायरच्या मधल्या फटीत धरलं. "मार बेटा स्टार्टर," तो केतकीला म्हणाला. ठिणगी उडाली. तिचा पिवळसर फुलोरा प्लगच्या बाजूला दिसायला हवा होता. तो वायरच्या बाजूला दिसला. त्यानं तीनदा पाहिलं.

"काय झालं, काका?"

"कॉइल उलटी जोडली हाय. मीच."

लोहारा गावातल्या त्याच्या गॅरेजात ही जुनी अँबॅसडर एकवीस वर्षांनी आली होती. गाडी केतकीच्या वडिलांची, मधुसूदन वकिलांची. तेव्हा बायकोला, सुनीतीबाईंना, प्रवासात गाणी हवीत म्हणून त्यांनी टेप बसवायला सांगितला होता. गाडीत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला. टेपला तिथं मायनस लागे. फुलसिंगनं बॅटरी फिरवली, डायनॅमोचं पाहिलं, ठिणगी पाडणाऱ्या कॉइलच्या दोन तारा मात्र फिरवायच्या राहिल्या. ठिणगी अशक्त झाली. गावात गाडी बरी चाले, पुसदच्या घाटात आचके देऊन बंद पडे.

त्यानं प्लग बदलले, कार्बुरेटर दोनदा खोलला. काहीच सापडेना, तेव्हा चारचौघांत म्हणाला, "साहेब, गाडीले काही नाही झालं. एक्सिलेटरवर तुमचा पायच जड हाय!" सगळे हसले. वकीलही हसले, पण पुन्हा स्टिअरिंगला त्यांनी हात लावला नाही. सुनीतीबाईंच्या माहेरी, पुसदला, दोघं एसटीनं जात. पुढं तेही कमी झालं. बाई गेल्या त्याला आता चार वर्षं झाली.

तारा फिरवायला दोन मिनिटं लागली.

"बाबांना सांगू नका," केतकी म्हणाली. "कॉइल जुनी झाली होती म्हणू."

"चारचौघांत बोललो होतो, बेटा. आता लपून राहू?"

दोघं गाडी घेऊन घरी गेले तेव्हा वकील व्हरांड्यात खुर्चीवर होते. आता त्यांना धूसरच दिसे.

"साहेब, पाय जड नव्हता तुमचा. तारा म्याच उलट्या ठेवल्यात."

वकील म्हणाले, "म्हणजे घाट चढली असती?"

"चढली असती, साहेब."

"सुनीती म्हणायची, एकदा पुन्हा चालवून पाहा. मीच म्हणायचो, मला नाही जमत."

वकील चिडले असते तर फुलसिंगला सोपं गेलं असतं.

"चला न साहेब, मी नेतो तुमाले. आत्ताच जाऊ घाटात."

"नको रे," वकील म्हणाले. "तिकडे आता कोणाकडे जायचं?"