डॉक्टरबाई, सासूबाई आणि माझी नागीण

पंचवटीतल्या आमच्या डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात बाक एकच. नंबर येईपर्यंत बायका बाईंचेच किस्से सांगतात. घरी जाताना भाजीच्या पिशवीत एखादा नवा असतोच. माझ्याकडचे सगळे माझ्याच दुखण्याचे आहेत.

*

मला सातवा महिना होता. लघवीच्या जागी आधी चुरचुर, मग पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा झुबका. सासूबाई म्हणाल्या, "नागीण हाय. तोंडाला शेपूट लागायच्या आत गेरू लाव." लावला.

बाईंनी पाहिलं. "गेरू कुंड्यांना लावतात गं. नागीण एका बाजूला पट्ट्यासारखी उठते. हे आधी झालं होतं?"

लग्नानंतर एकदा झालं होतं. उष्णता म्हणून सब्जा प्यायले होते.

"ही हर्पीस. फोड सुकतात, पण ती अंगात राहते. पुन्हा उठते."

*

सासूबाई म्हणाल्या, "चाळीच्या संडासातून आली आसंल."

"संडासातून येत नाही, आजी. अंगाला अंग लागून येते. कधी फोड दिसत नसतानाही."

सासूबाई त्या संडासावरून शेजारणीशी आधीच भांडून आल्या होत्या.

*

मग ह्यांना बोलावलं. "मला तर कधी काही झालं नाही," असं म्हणून हे माझ्याकडे बघायला लागले.

बाई म्हणाल्या, "पुष्कळांना काही दिसत नाही, तरी त्यांच्याकडून लागते. कधी आली, कोणाकडून आली, हे मलाही सांगता येत नाही. तेव्हा तिला ते विचारायचं नाही."

"मग काय विचारू?"

"आग कमी झाली का, ते विचारा."

ह्यांनी खरंच विचारलं. जेवताना, सासूबाईंसमोर.

*

मला घोर एकच. "बाळाला लागेल?" दर खेपेला हेच विचारायचे, आणि बाई पहिल्यांदाच ऐकल्यासारखं सांगायच्या, "जुनी आहे, धोका कमी. पण कळा आल्या की आधी मी बघणार. फोड असले तर सिझर करू."

म्हणून माहेरी सिन्नरला गेलेच नाही. कळा आल्या तेव्हा बाईंनी बॅटरी लावून तपासलं. "एकही फोड नाही. आता ओरड हवं तेवढं."

मुलगी झाली. निघताना बाईंनी सासूबाईंना बजावलं, "ओठावर फोड असेल त्याला बाळाचा मुका घेऊ द्यायचा नाही. तीच जात आहे ती. मग कोणी का असेना."

*

बारशाला सासूबाई उंबऱ्यातच बसल्या. प्रत्येकीचं तोंड उजेडाकडे वळवायचं, बघायचं, मगच आत. माझ्या आत्यालाही सोडलं नाही. मी लाजेने मेले.

शेवटी डॉक्टरबाई आल्या. तोंडाला रुमाल.

"रुमाल काढा," सासूबाई म्हणाल्या.

"अहो आई, त्या डॉक्टर आहेत."

बाईंनी रुमाल काढला. ओठाच्या कडेला फोड होता.

सासूबाईंनी घुगऱ्यांची वाटी पुढे केली. बाई मुकाट्याने पायरीवर बसल्या.

"आजी, मुलगी तिथूनच दाखवा."

"दाखवते. हात मागं ठेवा."